अकरावी गाडी

चारुदत्तने स्क्रूड्रायव्हरची मूठ छताच्या कोपऱ्यावर तीनदा ठोकली आणि कान लावला. आवाज कोरडा आला. त्याने दुसरा कोपरा ठोकला. तोही कोरडा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झोपायच्या माळ्यावर पालथं पडल्या पडल्या त्याच्या मनात पाल चुकचुकली. अठरा वर्षांची मोटरहोम आणि कुठेच गळत नाही, म्हणजे काय?

खाली उल्का गाडीतल्या चिमुकल्या ओट्यापाशी उभी होती. खांद्याला मोठी कापडी पिशवी, एक हात पिशवीच्या तोंडावर.

"कशी आहे?"

"अजून काही सापडलं नाही," तो म्हणाला. डॉक्टरने वाईट बातमी द्यावी तसा.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पाहिलेली ही अकरावी गाडी. ऑंटारिओतल्या लंडनपासून दीडशे किलोमीटरच्या परिघात विकायला निघालेली एकही जुनी मोटरहोम त्याच्या स्क्रूड्रायव्हरमधून सुटली नव्हती. कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलेला माणूस. रिटायर झाला तरी पास करायचा शिक्का त्याच्या हातून सहजी सुटत नसे. त्यातून त्याच्या मित्राने, अरविंदने, गेल्या वर्षी स्वस्तात एक मोटरहोम घेतली होती आणि पहिल्याच पावसानंतर तिच्या कपाटात आळंबी उगवली होती. "भाजीचा तरी प्रश्न सुटला," असं उल्का म्हणाली होती, पण चारुदत्तने तो किस्सा धर्मग्रंथासारखा जवळ ठेवला होता. दर वेळी गाडी नापास करून घरी आलं की उल्का काही न बोलता लिंबाचं सरबत करी. तो पिता पिता गाडीचे दोष मोजी, आणि कसे वाचलो या समाधानात संध्याकाळ बरी जाई.

उल्काचं मागणं फार नव्हतं. या देशात येऊन चौतीस वर्षं झाली, लेक केया व्हँकुव्हरला असते, तिच्याकडे सहादा जाणं झालं, ते सहाही वेळा विमानाने. मधला सगळा देश तिने ढगांच्या वरच्या बाजूने पाहिला होता. एकदा तो जमिनीवरून बघायचा, वाटेत थांबत, आपला चहा आपण करून पीत. तिला सदुसष्टावं लागलं होतं आणि गुडघे कुरकुरत होते. आज सकाळी इकडे येताना ती खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत म्हणाली होती की ही शेवटची; बारावी बघायला तुम्ही एकटे जा, मी विमानाचं तिकीट बुक करते. रागाने म्हणाली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. शांतपणे म्हणाली, म्हणून तो घाबरला होता.

गाडीचा मालक ग्लेन ऐंशीचा होता. शेडच्या दारात घडीची खुर्ची टाकून बसला होता. त्याने किल्ली दिली होती आणि हवं तेवढं बघा म्हणून सांगितलं होतं. गाडीची तारीफ केली नव्हती, मागे मागे फिरत नव्हता. विकणाऱ्याने इतकं गप्प बसावं, हे काही बरं लक्षण नव्हतं. अठरा वर्षांच्या दुरुस्त्यांच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात तारीखवार लावलेल्या. इतका टापटिपीचा माणूस चारुदत्तने आजवर एकच पाहिला होता, तोही दाढी करताना. टायरवरचा बनवल्याच्या सालाचा आकडा दोन वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर चालल्याची खूण जवळजवळ नाहीच. विकायच्या गाडीला नवे टायर कोण घालतो?

तो माळ्यावरून उतरला, गुडघे टेकून पुढच्या सीटपाशी सरकला, आणि त्याचा चेहरा उजळला. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे कार्पेट झिजून भोक पडलं होतं. खाली रबराचा तुकडा चिकटवलेला, आणि तोही खोलगट.

"हे बघ," तो म्हणाला. "इथे पाणी शिरतंय. तुकडा चिकटवून झाकलंय."

त्याने ग्लेनला हाक मारली.

ग्लेन सावकाश आला. दाराच्या कडेला धरून वाकला, बघितलं, आणि ते पाणी नाही म्हणाला.

"तो डॉरीनचा ब्रेक आहे."

डॉरीन म्हणजे त्याची बायको. गाडी तो चालवायचा आणि ब्रेक ती दाबायची, उजव्या पायाने, तिथे ब्रेक नसताना. कार्पेट दोनदा बदललं, मग रबर लावलं.

"टायर नव्या ट्रिपसाठी घातले होते," तो म्हणाला. "मग जाणं झालं नाही."

एवढं सांगून तो परत खुर्चीत जाऊन बसला.

माणूस दिसेनासा झाल्यावर चारुदत्तने रबराची कड उचलून खालचं लाकूड टोचून पाहिलं. सुकं ठणठणीत होतं. तो उठला तेव्हा उल्का त्या सीटवर चढून बसत होती. तिने पट्टा लावला. समोरच्या काचेतून शेतांपलीकडे बघितलं, आणि तिचा उजवा पाय आपणहून पुढे जाऊन त्या खोलगट रबरात बसला. तो पाय चारुदत्तच्या ओळखीचा होता. चौतीस वर्षं, त्याच्या प्रत्येक गाडीत, तो असाच पुढे जात आला होता.

तरी त्याने दाराकडे तोंड केलं. 'विचार करून कळवतो' हे वाक्य दहा जणांना सांगून इतकं गुळगुळीत झालं होतं की ते आपलं आपण जिभेवर येऊन बसलं.

"ही धरा जरा," उल्का म्हणाली, आणि मागे न बघता पिशवी त्याच्या हातात दिली.

पिशवी जड होती. सकाळपासून तिच्यावरही त्याचा संशय होताच. त्याने आत पाहिलं. चार पिवळीधमक लिंबं, कुंकवाची पुडी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला शेंडीवाला नारळ. सवयीने त्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी वाजलं नाही. आत सुकून सुटलेला खोबऱ्याचा गोटा नुसता खडखडला. त्याने पुन्हा हलवून पाहिला.

"हा कधीचा?"

"पहिल्या गाडीच्या वेळचा," ती समोर बघतच म्हणाली. "लिंबं मात्र दर वेळी ताजी आणायची. ती तुम्ही प्यालात."

चारुदत्तने पिशवीतली लिंबं मोजली.

"चाकं सहा आहेत," तो म्हणाला. "मागे जोडचाकं असतात. तू चारच आणलीस."

उल्काने मान वळवली नाही. फक्त रबरावरचा पाय घट्ट दाबला.

तो पायऱ्या उतरून शेडपाशी गेला आणि ग्लेनला विचारलं, हातोडी मिळेल का?

ग्लेनने त्याच्या हातातल्या त्या केसाळ वस्तूकडे पाहिलं, मग आपल्या गाडीकडे. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत संशय आला.

"आता काय ठोकायचं राहिलंय?" त्याने विचारलं.