चौशिंग्याच्या पाणवठ्यावरचा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नात मिरवणारा नव्हे, रानात झाडाला बांधलेला. समोरून एखादं जनावर गेलं, की माझा डोळा आपोआप उघडे.

मला तिथे बांधलं संशोधक बाईंनी. त्या चौशिंग्याचा अभ्यास करत. चौशिंगा म्हणजे बकरीएवढं लाजाळू कुरंग. नराला चार शिंगं, मादीला एकही नाही. कळपाने हिंडत नाही, म्हणून त्याच्याविषयी फारसं कुणाला ठाऊकही नाही. ते ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतं. बाई त्या डब्यात भरून घरी नेत. दुरुस्तीसाठी मीही कधी सोबत असे.

बाईंची आई कपाळावर हात मारी. "लोकांच्या लेकी खाऊ आणतात, आमची लेंड्या आणते!"

"आई, त्यावरून ते काय खातं ते कळतं."

"मग आधी तू काहीतरी खा!"

एके सकाळी एक मादी पिल्लाला घेऊन पाणवठ्यावर आली. मी टिपलेलं ते चित्र पाहून बाईंचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात त्या रानात दगडाची खाण काढायचं ठरलं. बाई चित्रं घेऊन, मला पिशवीत घालून, वनखात्याच्या साहेबांकडे धावल्या.

"बकरी आहे का ही?" साहेबांनी विचारलं.

"चौशिंगा, साहेब. खाण झाली तर तो त्या रानातून नाहीसा होईल."

"अहो, एवढ्याशा हरणासाठी खाण कोण थांबवतं? वाघ-बिबट्या आहे का काही?"

बाईंनी नाइलाजाने दुसरं चित्र पुढे सरकवलं. एकदाच, वाट चुकून आलेला बिबट्या.

साहेब खुर्चीतून उठलेच. "हे आधी नाही का सांगायचं!"

खाण रद्द झाली. वर्तमानपत्रात बिबट्याच्या चित्रासोबत माझाही फोटो आला. आणि बिबट्या बघायला गाड्यांची रीघ लागली. पाणवठ्याला सिमेंटचा काठ आला. दिसायला अडचण नको म्हणून भोवतीचं उंच गवत कापलं. त्याच गवतात मादी पिल्लू लपवायची. ती पुन्हा आली नाही. बिबट्याही आला नाही.

"गवत तरी वाढू द्या," बाईंनी साहेबांना विनवलं.

"लोक तिकीट काढून गवत बघायला येत नाहीत हो, बाई."

आता मी रानाच्या फाटकाजवळच्या काचेच्या कपाटात असतो. "यानेच रान वाचवलं," असं आईबाप मुलांना सांगतात, तेव्हा माझी मान शरमेने खाली जाते.

मित्रांनो, माझं कौतुक नका करू. रानात गेलात आणि काहीच दिसलं नाही, तर हिरमुसू नका. गवत कापा म्हणून हट्ट धरू नका. आत कुणीतरी पिल्लू लपवलेलं असतं. आमच्या रानात असायचं.