कोपऱ्यातली गवळण

"रामहरीदादा, थांबा! हात थांबवा आधी!"

सुकन्या देवळाच्या दारातूनच ओरडली. शिडीवरचा रंगारी दचकून वळला. खाली उभा असलेला तिचा मामा, पुंजाराम, मात्र हसत पुढे आला.

"अगं, फोन तरी करायचा. ये, ये. कसं झालंय सांग."

तिने भिंतींकडे पाहिलं. लहानपणी आजोळी आली की याच मंडपात ती चित्रं बघत बसायची. गवळणी, हत्ती, पोपट, मधोमध गोपाळकृष्ण. आता सगळीकडे फिकट पिवळा ऑइलपेंट चकाकत होता.

सुकन्याला कलेचा इतिहास शिकायचा होता. चित्रकलेची पदवी घेऊन ती नागापूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होती आणि दरवर्षी एम.ए.साठी अर्ज करत होती. यंदाही सगळीकडून नकार आले. एकाच विद्यापीठाने कळवलं, निबंध चांगला आहे, पण मोबाइलवरचे फोटो धूसर आहेत. मूळ चित्रांचे स्पष्ट फोटो जोडून पुन्हा पाठवा. आज संध्याकाळी मुदत संपत होती. साहेबांनी रजा नाकारली, तरी मैत्रिणीचा कॅमेरा मागून घेऊन ती पाथर्डीच्या एसटीत बसली होती.

निबंध एका गवळणीवर होता. बाकीच्या साऱ्या कृष्णाकडे बघायच्या. कोपऱ्यातली ही एकटीच मान वळवून समोरच्या माणसाकडे बघायची. का, ते शोधण्यात सुकन्याने आपल्या साऱ्या सुट्ट्या घातल्या होत्या.

"कुणी सांगितलं हो हे करायला?"

मामा गोंधळला. "तूच की! दिवाळीत न्हाई का म्हनलीस, मामा, भिंती लई खराब झाल्यात, कायतरी करा, न्हाईतर समदं जाईल? म्या वर्गणीपायी दारोदार फिरलो. लोक म्हनले, कशाला? म्या म्हनलं, माझी भाची शिकलेली हाय, तिला कळतंय."

सुकन्या कोपऱ्याकडे धावली. गवळणीची फक्त पावलं उरली होती. वरचा रंग अजून ओला होता. रामहरीची टर्पेंटाइनची बाटली उचलून तिने ओढणीच्या टोकावर ओतली आणि गवळणीचा चेहरा असायचा तिथे हलक्या हाताने पुसलं. पिवळा रंग निघाला. त्याच्याबरोबर आतला उरलासुरला गेरूही निघाला आणि खालचा पांढरा चुना दिसू लागला. ती पुसायची थांबली. मग पुन्हा पुसू लागली, जोरात, वेड्यासारखी.

"पोरी, ऱ्हाऊ दे," रामहरी शिडीवरून उतरून म्हणाला. "आमी आधी खरवडून घेतलंय. खाली काय न्हाई आता."

तिने विद्यापीठात फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "चित्रच नसेल, तर समिती काय पाहणार हो? तरी पाठवून द्या."

तिने पावलांचे फोटो काढले. मग मंडपात खाली बसून मोबाइलवर निबंध उघडला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 'चित्र आहे' लिहिलं होतं, तिथे 'चित्र होतं' केलं. 'गवळण बघते', तिथे 'बघायची'. प्रत्येक क्रियापदाशी बोट अडखळत होतं.

मामा जरा वेळाने शेजारी येऊन बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"माझ्यामुळं तुझं शिक्षण हुकलं, व्हय गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवईवर, कानावर पिवळ्या रंगाचे शिंतोडे होते. सकाळपासून तोही ब्रश घेऊन उभा असणार.

"न्हाई मामा," ती म्हणाली.

तेवढ्यात सत्यशीलामामी चहा घेऊन आली. नवऱ्याकडे, भाचीकडे बघून तिने कप पुढे ठेवले. म्हणाली, "मागं टेकू नगं बाई, रंग वला हाय."

सुकन्या पाठ ताठ करून बसली आणि पुढचं वाक्य बदलू लागली.