तुळईचे सुतक

देवीच्या पालखीसाठी येसाजी सुताराने नवे लाकूड नाकारले. छावणीकडे पाडलेल्या एका बंगल्याची सागवानी तुळई त्याने चामराजपेटेतील आपल्या दारी आणवली. देवळाचे पंच रघुजीअण्णा नाखूश होते.

"मेलेल्या घराचं लाकूड आणतोस. त्यातला भुंगा देवळाच्या खांबांत शिरला म्हणजे?"

"त्या घराचं सुतक मी तिला पाळायला लावतो, अण्णा. एक उन्हाळा ती उंबरा ओलांडणार नाही."

येसाजीने तुळईची पांढरी कड तासली, कारण भुंग्याला तीच गोड लागते. तो छिलका त्याच दिवशी चुलीत गेला. मग होंग्याचे, म्हणजे करंजाचे, तेल चोळून त्याने तुळई परसात दगडांवर ठेवली आणि खाली काळे लुगडे अंथरले. भुंगा असलाच तर त्याचे पीठ काळ्यावर लपत नाही. बायको अंबुबाई रोज सकाळी ते निरखी. शेजारी हसत, "येसाजीचं लाकूड सोवळ्यात आहे, स्वल्प लांबून जा."

आषाढ लागला, तरी लुगड्यावर कणही पडला नाही. दुसऱ्या दिवशी तुळई आत चौकीवर घ्यायची म्हणून येसाजीने तेच लुगडे झटकून कामाच्या चौकीखाली पसरले. आंब्याच्या लाकडाची ती चौकी त्याच्या वडिलांच्या हातची होती. तिच्यावर तीन देवळांची दारे घडली होती.

सकाळी रघुजीअण्णा दारात आले, तेव्हा अंबुबाई चौकीपाशी वाकून उभी होती.

"अहो, इकडं बघा," ती येसाजीला हळूच म्हणाली.

लुगड्यावर पिठाची चिमूटभर रास होती. वर, चौकीच्या पायाला, मोहरीएवढी छिद्रे. अंबुबाईचा हात लुगड्याच्या टोकाकडे गेला. घडी घातली असती तर कोणाला कळले नसते, आणि पालखीचे काम घरातच राहिले असते. येसाजीने तिचा हात अडवला.

"अण्णा, आत या. तुळई निर्दोष आहे. कीड माझ्याच चौकीत निघाली. तुळई आत येणार नाही. पालखी दुसऱ्याला द्यायची तर द्या."

रघुजीअण्णांनी बोटावर पीठ घेऊन पाहिले.

"सुतक तिचं नव्हतं, तुझंच होतं म्हण की."

"होय."

येसाजीने वडिलांच्या चौकीला नमस्कार केला आणि स्वतःच्या हाताने ती करवतीने कापली. तुकडे परसात तुळईपासून दूर नेऊन जाळले. शेवटचा निखारा विझेपर्यंत रघुजीअण्णा तिथेच उभे होते.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "परसातच घडव. पावसाला ताडपत्री मी धाडतो. वडिलांची चौकी जाळणारा दुसरा सुतार मी कुठं शोधू?"

विजयादशमीला पालखी देवळात टेकणार, तोच रघुजीअण्णांनी भोयांना थांबवले. काखेतले नवे काळे कापड त्यांनी आधी फरशीवर अंथरले, आणि जमलेल्यांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाले, "येसाजीच्या घरची रीत आहे."

गर्दीत उभ्या येसाजीने मान खाली घातली नाही.