स्वयंपाकघरातला उतार

पाणसळीतला बुडबुडा मधल्या रेघेपासून गव्हाच्या दाण्याएवढा सरकलेला होता. स्वयंपाकघराच्या जमिनीला एवढा उतार पहिल्यापासूनच होता आणि त्याने कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तरी ऑर्विल बायकोला म्हणाला, "घराला गिऱ्हाईक आलं की आधी इथेच बघणार, व्हर्ना."

त्याने पातळ सिमेंट कालवून ओतलं. ते उताराने वाहत गेलं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून थेट घर तापवणाऱ्या गरम हवेच्या मुख्य नळीत उतरलं. जाळी झाकायची राहूनच गेली होती. संध्याकाळपर्यंत नळीत दगड झाला आणि कॅनडातल्या विनिपेगच्या मार्चमधल्या थंडीने घर गारठलं.

व्हर्ना कोट चढवून बसली. गुडघ्यांमुळे तिला जिना झेपत नव्हता. घर विकून बहिणीशेजारच्या बैठ्या घरात जाऊ, असं ती दोन वर्षं म्हणत होती. ऑर्विल दर वेळी "एवढं झालं की बघू" म्हणायचा आणि नवी दुरुस्ती काढायचा.

"उद्या फोडून काढतो," छिन्नी शोधत तो म्हणाला.

"फोड की! मग छप्पर काढ, मग अंगण उकर. अरे, तुला घर नीट करायचंय की सोडायचंच नाहीये?"

त्याने खणातून छिन्नी काढली. व्हर्ना वर न्हाणीघराकडे निघाली. तिसऱ्या पायरीवर ती कठड्याला धरून थांबली, ती थांबलीच. ऑर्विलने छिन्नी खाली ठेवली आणि जाऊन तिला हात दिला.

"आहे तसंच विकू," तो म्हणाला.