टोपली डावीकडे पळते

दसऱ्यानंतरच्या रविवारी, सदर भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासात, वीस जणांसमोर माझं संत्रं पांढरं पडलं. माझं तोंडही त्याच रंगाचं झालं असावं, पण ते टीव्हीवर नव्हतं. संत्रं होतं.

साल सत्त्याऐंशी. क्लासचे चंद्रभान सर शिकवायला माणूस शोधत होते. अट एवढीच, की स्वतः केलेला खेळ दाखवायचा. तो रंगीत हवा, जॉयस्टिकवर चालणारा हवा. सोबत पालकांना आणायचं. नोकरी नाही मिळाली, तर सोमवारपासून कळमन्याच्या बाजारात बाबाराव मामाच्या अडतीत उभं राहून संत्र्यांच्या लिलावात ओरडायचं, हे घरात ठरलेलं होतं. मला ओरडता येत नाही. मामाच्या मते ते तीन दिवसांत येतं.

मस्कतच्या आत्याने पाठवलेला कॉम्प्युटर माझ्याकडे होता. वहीएवढा, रबरी बटणांचा, घरच्या टीव्हीला जोडायचा. चित्र काढणं, रंग भरणं, जॉयस्टिकची दांडी कुठे वळली ते ओळखणं, अशी कामं करणारे तयार प्रोग्राम एका कॅसेटवर होते. पुस्तिकेत त्याला लायब्ररी म्हटलं होतं. त्यावरून मी खेळ केला. वरून संत्रं पडतं, खाली टोपलीत झेलायचं.

रंग पहिल्याच दिवशी दिसले. संत्रं वर निळं, मध्ये नारिंगी आणि खाली हिरवं. म्हणजे पडता पडता ते कच्चं होत होतं. मामाने पाहिलं आणि असा माल कोणी उचलणार नाही म्हणून सांगितलं. मी रंगाचा आकडा बदलला. जांभळा दिला, पिवळा दिला. संत्रं आपल्याच मताने वागत राहिलं. शेवटी वैतागून मी रंगाची ओळच खोडून टाकली. तरी तेच तीन रंग. न मागता रंग मिळतोय, तर मागायचा कशाला, असा मी विचार केला. यालाच पुढे अनुभव म्हणतात असं ऐकलं आहे.

मग खांडेनवमी आली. आईने शिलाई मशीन, विळी, सायकल यांच्या रांगेत कॉम्प्युटर आणि जॉयस्टिकही मांडली आणि पूजा केली. तेवढा एक दिवस सुट्टी.

दुसऱ्या दिवशी दांडीला हात न लावता टोपली उजवीकडे चालायला लागली. प्रोग्राम विचारायचा, दांडी उजवीकडे आहे का? उत्तर यायचं, आहे. दांडी सरळ उभी. मी ओळखण्याचा प्रोग्राम नऊ वेळा लिहिला. नवव्यांदाही ती उजवीकडेच होती. तेव्हा मी एक ओळ घातली: दर वेळी टोपली एक घर डावीकडे सरकव. टोपली जागेवर थांबली. उजवीकडे नेण्याचं काम जॉयस्टिकवरच्या फायरच्या बटणाला दिलं. रात्री शांत झोपलो.

क्लासात रंगीत टीव्ही होता. मी घरून आणलेला कॉम्प्युटर आणि जॉयस्टिक त्याला जोडून कॅसेट लावली, आई मागे पिशवी धरून बसली. खेळ सुरू झाला. संत्रं वर पांढरं, मध्ये पांढरं, खाली पांढरं. मी दांडीला हातही लावला नव्हता, आणि टोपली डावीकडे पळत जाऊन भिंतीला टेकली.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

सरांनी रंगाचं विचारलं. मी म्हटलं, घरी असतात. घरचा टीव्ही कोणता, असं त्यांनी विचारल्यावर आईनेच सांगून टाकलं, की काळा-पांढरा आहे, पण वरून तीनरंगी प्लॅस्टिक लावलंय.

चार वर्षं आम्ही त्या प्लॅस्टिकमधून बातम्या पाहत होतो. बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे आणि हनुवटी हिरवी. घरात कोणालाच त्यात काही वाटेनासं झालं होतं.

“अन् टोपली?” सर म्हणाले.

“ते मी सकाळी साफ केलं न,” आई म्हणाली. “दांडीच्या फटीत पूजेची अक्षता अडकून होती. पिनेनं काढली. काहून गा, नाही काढाची होती?”

एक तांदूळ. त्या एका तांदळासाठी मी नऊ प्रोग्राम लिहिले होते, आणि दहावा आता त्याच्याशिवाय चालत नव्हता.

सर कोपऱ्यातल्या दोन नंबरच्या मशीनकडे पाहत होते. त्यावर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी होती. मागच्या वर्षीच्या दसऱ्यापासून त्यावर एकच अक्षर आपोआप उमटत जायचं. मुंबईचा इंजिनिअर पाहून गेला होता आणि आतला भाग मिळत नाही म्हणाला होता.

“भाऊ, तुमी बी पूजा करता न याची?” आईने विचारलं.

“दरवर्षी,” सर हळूच म्हणाले.

आईने केसातली पिन काढली. कीबोर्ड उलटा धरून ठोकला, फटीतून पिन फिरवली. टेबलावर तीन कुंकवाचे तांदूळ पडले आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. मशीन सुरू केलं. पडदा कोरा राहिला, एकही अक्षर उमटलं नाही. वीस जण कोऱ्या पडद्याकडे बघत उभे होते. इतक्या भक्तीने मी आजवर कोणाला रिकाम्या टीव्हीकडे पाहताना बघितलेलं नाही.

सर खुर्चीवर बसले. मग उठले आणि आईला बसायला दिलं.

“ताई, मंगळवार-शुक्रवार याल का? मशीनी पाहाले?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं काही हलत नव्हतं.

“स्वैपाक करून येईन,” ती म्हणाली.

फॉर्म माझ्यासाठी काढून ठेवलेलाच होता. सरांनी माझं नाव खोडून वर ‘सुभद्राबाई’ लिहिलं. पालकाच्या रकान्यात सही मी केली.

बुधवारी मला ओरडता यायला लागलं.