सुमनकाकींना सांगितलेलं गणित

कमळीच्या वहीत लाल शाईचा भोपळा होता आणि शेजारी वर्गाच्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात दोन शब्द : 'कोणाचे पाहिले?'

कमळी संध्याकाळी ज्यांच्या घरी शिकवणीला यायची, त्या निवृत्त हरिश्चंद्र गुरुजींनी चष्मा पुसून गणित पुन्हा वाचलं. दोन संख्यांची बेरीज ८६, फरक १८, तर त्या संख्या कोणत्या? खाली नुसतं उत्तर. ५२ आणि ३४. उत्तर बरोबर होतं.

"कोनाचं नाय पाहिलं, गुरुजी." पोरगी नववीतली, पण रडू गिळताना हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. "बाई म्हनाल्या, उद्या फळ्यावर करून दाखव. नाय जमलं तर आईला घेऊन ये."

कमळीची आई पहाटेपासून गास गावातल्या फुलांच्या वाडीत मोगरा खुडायची. लेक चोर आहे हे तिनं शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून ऐकायचं? गुरुजींनी पाटी पुढे ओढली.

"मग पायऱ्या मांड की, बाळ."

"पायऱ्या नायच मधे. एकदम येतं."

गुरुजींनी पाटीवर 'क्ष' काढून दिला. कमळीनं तो दुसऱ्याच्या घरच्या भांड्यासारखा जपून उतरवला आणि तिथंच थांबली. असं तीनदा झालं. गुरुजींचा आवाज कधी चढत नसे, पण तिसऱ्या खेपेला खडू मोडला.

ओटीवर सुमनकाकी देवासाठी हार ओवत बसल्या होत्या. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन चार वर्षं झाली होती, बोटांना मात्र कळी न् कळी ओळखता येई.

"अहो, मघापासून मांड मांड काय लावलंय? भातुकली आहे का ती?" त्या म्हणाल्या. "कमळे, इकडे ये. या परडीत शहाऐंशी कळ्या आहेत असं धर. आपल्या दोघींत वाट. मला अठरा जास्त हव्यात. आणि सांगत सांगत वाट गं, मला काही दिसत नाही."

कमळीनं त्यांचा हात धरून परडीशेजारी टेकवला. "आधी अठरा इथं बाजूला काढल्या."

"का?"

"त्या तुमच्या जास्तीच्या. आता राहिल्या त्यांत भांडन नाय."

"किती राहिल्या?"

"अडुसष्ट. दोघींना सारख्या. चौतीस मला, चौतीस तुम्हाला. मग बाजूच्या अठरा तुमच्यात घातल्या. तुमच्या बावन्न."

"मेली हुशार आहेस की! हे यांना का नाही सांगितलंस?"

"गुरुजींना येतंच की. येतंय त्याला काय सांगायचं?"

गुरुजी हातातल्या खडूच्या तुकड्याकडे बघत राहिले. चौतीस वर्षं ते वर्गावर्गात ओरडले होते, पायऱ्या लिहा, पायऱ्यांना गुण असतात. पायऱ्या कोणासाठी असतात, हे त्यांनी एकाही पोराला सांगितलं नव्हतं.

"कमळे," ते हळूच म्हणाले, "तुझ्या वाट्याला क्ष म्हणू. काकींचा वाटा?"

"क्ष अधिक अठरा."

"लिही. आणि लिहिशील ती ओळ काकींना सांग."

कमळी लिहू लागली. दोन्ही वाटे मिळून शहाऐंशी. अठरा बाजूला. दोन क्ष बरोबर अडुसष्ट. काकी प्रत्येक ओळीला "का गं?" विचारत होत्या आणि कमळीकडे दर वेळी उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेपासून गुरुजी फाटकापाशी उभे होते. "आत येऊन बसा, उभं राहून ती लवकर येणार आहे का?" काकी दोनदा म्हणाल्या. मग त्याही चाचपडत ओटीच्या कडेला येऊन बसल्या.

कमळी आली ती पळतच. बाहीवर कोपरापर्यंत खडू.

"बाईंनी भोपळा खोडला! आधी हातच हलेना. मग मी फळ्याकडे तोंड केलं नि काकींना सांगत सुटले. पोरं हसली, ही कोनाशी बोलते म्हनून. बाई म्हनाल्या, तिला बोलू द्या रे."

"आणि आईला?" गुरुजींनी विचारलं.

"नको म्हनाल्या. उलट आनखी एक गनित घातलं, वयाचं. तेपन आलं!"

"सांग बघू," काकींनी हात पुढे केला.

कमळी तो हात धरून शेजारी बसली. "आई नि मुलगी, दोघींची वयं मिळून अठ्ठेचाळीस. आईचं वय मुलीच्या तिप्पट. मुलीचं वय म्हनजे एक वाटा..."

गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून ऐकू लागले.