सरांनाच करा अध्यक्ष

सरांचं नाव निघालं तेव्हा बाईंनी इतक्या पटकन मान डोलावली, की निवृत्त न्यायाधीश क्षणभर बघतच राहिले. भांडण होतं दोन देशांतल्या दोन कंपन्यांचं, बंद पडलेल्या यंत्रांवरून. कोर्टाऐवजी लवादाकडे आलेलं. रीत अशी, की दोन्ही बाजूंनी आपापला एकेक लवाद नेमायचा आणि त्या दोघांनी मिळून तिसरा, म्हणजे अध्यक्ष, निवडायचा. एका बाजूने न्यायाधीशांना नेमलं होतं, दुसरीने बाईंना.

"आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद म्हटलं की यांचाच ग्रंथ डोळ्यांसमोर येतो," न्यायाधीश म्हणाले.

"हो ना. सरांनाच करा अध्यक्ष," बाई म्हणाल्या.

घरी ताईने हे ऐकलं आणि हातातलं पातेलं दाणकन ओट्यावर आपटलं.

"डोकं फिरलंय का तुझं? त्या मेल्याला अजून डोक्यावर बसवतेस?"

ताईचं चिडणं काही चुकीचं नव्हतं. तो ग्रंथ अख्खाच्या अख्खा बाईंनी लिहिलेला. त्या तेव्हा सरांच्या हाताखाली नव्या नव्या व्याख्यात्या होत्या. "तू कच्चं लिहून ठेव, मी बघतो," सर म्हणायचे. बघितलं काय, तर मुखपृष्ठावर स्वतःचं नाव नीट छापलंय ना, तेवढंच! प्रस्तावनेत टंकलेखकाच्या जोडीला बसवून बाईंचे आभार मानले. बरं, तेही गिळलं. पण पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला हेच गृहस्थ समितीत बसले आणि तोंड वर करून म्हणाले, "यांचं स्वतंत्र लेखन काही दिसत नाही." दरवेळी हेच. बाईंच्या मागून आलेले विभागप्रमुख झाले, बाई व्याख्यात्याच राहिल्या. बारा देशांतले वकील त्यांनी शिकवलेल्या गोष्टींवर पोट भरत होते आणि स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची अजून दाराजवळच होती.

आता त्यांना पदबिद काही नको होतं. एकच हवं होतं. सरांनी स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्या माणसासमोर म्हणायचं, की हे हिने लिहिलं. त्या एका वाक्यासाठी त्यांचा जीव जळत होता.

"ताई, निवाडा लिहायचं काम अध्यक्षाचं असतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि त्याला लिहिता येत नाही."

ताईने पातेलं उचलून जागेवर ठेवलं. "असं होय! मग बसव हो, चांगला उंचावर बसव."

सुनावणीभर सर काय मिरवले! चष्मा काढायचे, घालायचे, साक्षीदाराला मध्येच थांबवायचे. वकील मंडळी उठता बसता त्यांच्याच ग्रंथातली वाक्यं त्यांना ऐकवत होती आणि सर मान हलवत होते. बाई शेजारी बसून पाणी पीत होत्या. सुनावणी संपली तसं सरांनी त्यांना जिन्यापाशी गाठलं.

"कच्चा मसुदा तूच कर. आपलं नेहमीचंच."

"छे छे, सर! अध्यक्षांच्या कामात मी कशाला लुडबुड करू?"

सरांचा चेहरा असा उतरला, की बाईंना दोन घास जास्त गेले त्या दिवशी. नंतर फोन आले. आधी गोड बोलणं, मग हुकूम, मग "अगं, तब्येत बरी नसते हल्ली." बाईंनी दरवेळी त्यांना काळजी घ्यायला सांगितलं.

शेवटी तिघे विचारविनिमयाला बसले. लांब टेबल, बंद दार. सरांनी आणलेला मसुदा न्यायाधीशांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"करारात कुठल्या देशाचा कायदा लावायचा हेच लिहिलेलं नाही. त्याबद्दल तुमच्या ग्रंथात फार सुरेख मांडलंय तुम्ही. इथे मात्र भलतंच! नक्की काय म्हणायचंय?"

सर खोकले. पाणी प्यायले. काहीतरी बोलले, त्याला ना शेंडा ना बुडखा. न्यायाधीश बाईंकडे वळले. "तुम्ही गप्प का?"

"खुद्द ग्रंथकार समोर बसलेत," बाई म्हणाल्या. "मी पामर काय बोलणार?"

आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे पाहिलं.

"ते प्रकरण हिने लिहिलंय," सर म्हणाले.

"कुठलं? हेच फक्त?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाई ओठ घट्ट मिटून बसल्या. सांगू दे त्यालाच!

"सगळी," सर म्हणाले. "सगळा ग्रंथ हिचाच आहे."

न्यायाधीशांनी मसुदा बाईंपुढे सरकवला. बाईंनी तो दोन्ही हातांनी जवळ ओढला. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलल्यासारखं झालं. आता विभागात सांगणार, त्या समितीला सांगणार, आधी ताईला सांगणार!

सरांनी सावकाश चष्मा घडी करून खिशात ठेवला. चेहऱ्यावर लाजबीज काही नव्हतं.

"विचारविनिमयाच्या खोलीत बोललेलं खोलीबाहेर जात नाही," ते म्हणाले. "लवादाने ते फोडलं, तर त्याला पुन्हा कुणी नेमत नाही. असंच लिहिलंयस ना तू, शेवटच्या प्रकरणात?"

न्यायाधीशांनी खाली बघितलं. "दुर्दैवाने ते खरं आहे, बाई."

सुडाच्या भरात बाईंना नेमकं तेवढंच सुचलं नव्हतं. जगात हजार ठिकाणं होती, आणि त्यांनी सरांना गाठलं ते या खोलीत. सर इतक्या सहज का बोलले, ते त्यांना आत्ता कळलं.

घरी ताई दारातच उभी होती. चप्पल काढायचीही सवड दिली नाही तिने.

"काय गं? बोलला का तो?"

ताईपासून बाईंनी आजवर काही लपवलं नव्हतं.

"नाही गं," बाई म्हणाल्या, "काहीच बोलला नाही." आणि ताई सरांना शिव्या घालत आत गेली, तेव्हा बाई एक चप्पल पायात, एक हातात, तशाच उंबऱ्यावर बसून राहिल्या.